धारणीच्या दुकानात तिसरी भाषा कोणती?

दहावीचा निकाल लागला की घराघरांत एक प्रश्न दोन-चार दिवस चर्चिला जातो आणि मग घाईघाईने निकालात काढला जातो. अकरावीच्या अर्जात भाषेच्या रकान्यात काय लिहायचे? मराठी, हिंदी, संस्कृत, अर्धमागधी, की जर्मन, फ्रेंच, जपानी? शाखा कोणती घ्यावी यावर महिनाभर खल होतो. भाषा मात्र मोठ्या भावाने जी घेतली होती तीच ठरते, किंवा जिच्यात गुण अधिक मिळतात असे ऐकिवात असते ती.

मेळघाटातील धारणीसारख्या गावी हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. येथील व्यापारी कुटुंबातील मूल किती भाषांत वाढते ते मोजून पाहावे. आजीशी मारवाडी किंवा गुजराती. गल्लीत आणि गल्ल्यावर हिंदी, कारण बऱ्हाणपूर-खंडव्याचा मध्यप्रदेश येथून जवळ आणि अमरावती मात्र परतवाड्याचा घाट उतरून निम्म्या दिवसावर. शाळेत आणि तहसील कचेरीत मराठी. पुस्तकांत व मोबाइलवर इंग्रजी. समोर गिऱ्हाईक म्हणून उभा राहणारा माणूस बहुतेक वेळा कोरकू. म्हणजे शासन जिला ‘तिसरी भाषा’ म्हणते ती येथे पाचवी किंवा सहावी ठरते. सरकारी कागदावरचा हा क्रमांक आणि घरातला क्रमांक यांचा मेळ सहसा बसत नाही.

राज्यात २०२५ च्या उन्हाळ्यात तिसऱ्या भाषेवरून मोठे वादळ उठले. १६ एप्रिलच्या शासन निर्णयाने पहिलीपासून हिंदी आणली, १७ जूनला तो सुधारला गेला आणि २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द होऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तो वाद हिंदीचा होता, आणि धारणीच्या मुलाला हिंदी शिकवावी लागत नाही. परकीय भाषांविषयी २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात स्वतंत्र उल्लेख आहे. माध्यमिक स्तरावर कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज आणि रशियन या भाषांची नावे तेथे उदाहरणादाखल दिली आहेत. चिनी त्या यादीत नाही. यादी वाचणे सोपे आहे. तिच्यातून आपल्या घरासाठी एक निवडणे हे पालकांचे काम, आणि ते गुणांच्या हिशेबावर सोडून देऊ नये इतके महत्त्वाचे आहे.

गुणांचा हिशेब चुकीचा असतो असे नव्हे, तो अपुरा असतो. अकरावी-बारावीत जर्मन घेऊन उत्तम गुण मिळवलेली आणि पुढे दोन वर्षांत स्वतःची ओळख करून देण्यापलीकडे काहीही न आठवणारी मुले प्रत्येक नातेवाइकांच्या गोतावळ्यात सापडतात. भाषा दोन वर्षांत सोडून द्यायचीच असेल, तर अर्धमागधी घेणे कितीतरी शहाणपणाचे. जी आगमांची भाषा घरात पाठांतराने कानावर पडलेली असते तिचा निदान अर्थ तरी कळू लागेल. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीबरोबर प्राकृतलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. तरीही प्रतिक्रमणाची सूत्रे तोंडपाठ असलेल्या किती तरुणांना त्यांतील एका ओळीचा अन्वय सांगता येईल, हे ज्याने त्याने आपल्या घरी विचारून पाहावे.

परकीय भाषांत जर्मनचे नाव पहिले यावे याला जैन कुटुंबांपुरते एक खास कारण आहे, आणि ते नोकरीचे नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातील बरेच विद्वान जैन धर्माला बौद्ध धर्माची शाखा समजत. हा समज पुराव्यानिशी खोडून काढला तो हर्मान याकोबी या जर्मन पंडिताने. १८७३-७४ च्या हिवाळ्यात, वयाच्या चोविसाव्या वर्षी, तो ब्यूलर यांच्याबरोबर राजस्थानात हस्तलिखितांच्या शोधात हिंडला आणि जैसलमेरचे भांडार त्याने पाहिले. १८७९ मध्ये लाइपत्सिगहून त्याने कल्पसूत्राची आवृत्ती काढली. पुढे आचारांग व कल्पसूत्र यांचा इंग्रजी अनुवाद १८८४ मध्ये आणि उत्तराध्ययन व सूत्रकृतांग यांचा १८९५ मध्ये प्रसिद्ध झाला. मधल्या काळात, १८८६ मध्ये, त्याने महाराष्ट्री प्राकृतातील निवडक जैन कथांचे एक पाठ्यपुस्तक केले. प्राकृत शिकू इच्छिणाऱ्यांसाठी ते व्याकरण आणि शब्दकोशासह होते. मराठी जिच्यापासून निघाली त्या भाषेची पहिली वाचनमाला एका जर्मन माणसाने, जर्मन विद्यार्थ्यांसाठी, जैन कथांतून बांधली, ही गोष्ट मराठी बोलणाऱ्या जैन घरात ठाऊक असायला हवी.

याकोबी एकटा नव्हता. रिचर्ड पिशेल यांचे प्राकृत भाषांचे व्याकरण १९०० साली जर्मनमध्ये निघाले. त्याचा इंग्रजी अनुवाद होण्यास १९५७ साल उजाडले. वाल्थर शूब्रिंग यांचा जैन सिद्धान्तावरचा ग्रंथ १९३५ चा, इंग्रजी अनुवाद १९६२ चा. जर्मन न जाणणाऱ्या अभ्यासकाला एका पुस्तकासाठी सत्तावन्न वर्षे आणि दुसऱ्यासाठी सत्तावीस वर्षे थांबावे लागले. उलट दिशेचा प्रवासही घडला. शार्लोटे क्राउझे ही जर्मन विदुषी भारतात आली, गुजराती व हिंदी शिकली, सुभद्रादेवी या नावाने ओळखली गेली आणि येथील भाषांत लिहू लागली.

या साखळीचे एक टोक वऱ्हाडात येऊन पोहोचते. १९१३-१४ च्या दुसऱ्या भारतभेटीत याकोबीला अहमदाबादेत धनपालाच्या ‘भविसत्तकहा’चे हस्तलिखित मिळाले. १९१८ मध्ये म्युनिचहून त्याने ते प्रसिद्ध केले आणि अपभ्रंश भाषेतील एक संपूर्ण काव्य प्रथमच अभ्यासकांसमोर आले. पाठोपाठ अपभ्रंशाचे धन कारंजा लाडच्या जैन भांडारांत असल्याचे उमगले. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात, म्हणजे आजच्या विदर्भ महाविद्यालयात, संस्कृतचे प्राध्यापक असलेल्या डॉ. हिरालाल जैन यांनी ‘णायकुमारचरिउ’, ‘करकंडचरिउ’, ‘पाहुडदोहा’ असे ग्रंथ संपादित केले. १९३९ पासून त्यांनी षट्खंडागम आणि त्यावरील धवला टीका अमरावतीहून खंडशः प्रकाशित करण्यास आरंभ केला. ते काम सोळा खंडांपर्यंत गेले. मूडबिद्रीच्या ताडपत्रांत शतकानुशतके बंद असलेला ग्रंथ छापील रूपात प्रथम अमरावतीतून बाहेर पडला, आणि ज्या अपभ्रंशाच्या अभ्यासातून संपादक घडला त्याची पायवाट जर्मनीतून आलेली होती. मुक्तागिरीला जाणारी धारणीची कुटुंबे परतवाड्याला थांबतात. आणखी पन्नासेक किलोमीटर पुढे हे घडले.

आता व्यवहाराकडे. मराठी मुलाला जर्मन शिकताना एक सोय आपोआप मिळते. हिंदीने नपुंसकलिंग केव्हाच टाकले, फ्रेंचनेही टाकले. मराठीने ते सांभाळले आणि जर्मनने सांभाळले. तो, ती, ते ही त्रयी ज्याच्या कानात बसली आहे त्याला डेर, डी, डास विचित्र वाटत नाही. कोणता शब्द कोणत्या लिंगाचा हे पाठ करावेच लागते, पण टेबल ‘ते’ का, खुर्ची ‘ती’ का, असा प्रश्न मराठी मूल कधी विचारत नाही. विभक्तीचेही तसेच. इंग्रजी माध्यमातल्या मुलाला जे अनाकलनीय वाटते ते मराठी शाळेतल्या मुलाला ‘प्रथमा, द्वितीया, तृतीया’ म्हणून आधीच भेटलेले असते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला आणि त्यासाठी जर्मन भाषेच्या प्रशिक्षणाची योजना आखली. परिचारिका, वीजतंत्री, चालक अशा कामांसाठी ती होती. व्यापारी घरांनी ती बातमी ‘आपल्यासाठी नव्हे’ म्हणून वाचून बाजूला ठेवली असेल, तर तो निष्कर्ष उतावळा आहे. जर्मनीतील सरकारी विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यालाही बहुतेक ठिकाणी शिक्षणशुल्क पडत नाही. गंमत अशी की बाडेन-वुर्टेमबर्ग हेच राज्य त्याला अपवाद आहे. युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांकडून ते २०१७ पासून दर सत्राला १५०० युरो घेते. एजंटाच्या कार्यालयात करार आणि शुल्कमाफी या दोन गोष्टी एकाच श्वासात सांगितल्या जात असतील तर पालकांनी तेथे थोडे थांबावे.

जपानीचा विचार वऱ्हाडाने करावा, कारण जपानने वऱ्हाडाचा विचार शंभराहून अधिक वर्षांपूर्वी केला होता. १८९३ मध्ये निप्पॉन युसेन काइशा या जपानी जहाज कंपनीने टाटांच्या सहकार्याने मुंबई ते कोबे अशी वाहतूक सुरू केली, ती मुख्यतः कापसासाठी. वऱ्हाडच्या कापसाला जगाच्या बाजारात ‘ऊमरा’ म्हणत. हे नाव उमरावतीचे, म्हणजे अमरावतीचेच. आखूड धाग्याचा हा कापूस जपानी गिरण्या घेत. त्याच कोबे बंदरात पुढे भारतीय जैन व्यापारी मोत्यांच्या धंद्यासाठी स्थिरावले आणि १९८५ मध्ये तेथे संगमरवरी जिनालय उभे राहिले. आपला माल ज्या बंदरात गेला तेथील भाषा वऱ्हाडातल्या व्यापाऱ्याने शिकली नाही. शिकण्याची गरज मधल्या कंपन्यांनी ठेवली नाही, आणि भावही त्यांनीच ठरवला.

जपानीची रचना मराठी माणसाला अनोळखी नाही. क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि ‘ला’, ‘त’, ‘हून’ यांसारखे प्रत्यय नामाच्या मागे लागतात. एवढेच नव्हे, त्यांच्या अक्षरांचा क्रमही आपल्या वर्णमालेवरून घेतलेला आहे. आ, इ, उ, ए, ओ आणि मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. बौद्ध भिक्षूंबरोबर संस्कृतची वर्णव्यवस्था तेथे पोहोचली आणि शब्दकोश आजही त्या क्रमाने लागतात. अडचण लिपीची आहे. शेहेचाळीस-शेहेचाळीस अक्षरांच्या दोन माळा मूल महिन्याभरात शिकेल, पण नित्य वापराच्या अधिकृत यादीतील चिनी चिन्हे २१३६ आहेत आणि त्यांना आडवाट नाही.

किती वेळ लागेल याचा अंदाज अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेने आपल्या अनुभवावरून बांधलेला आहे. कामकाजापुरत्या प्रभुत्वासाठी फ्रेंच किंवा स्पॅनिशला सुमारे ६०० ते ७५० तास, जर्मनला सुमारे ९००, आणि जपानी, चिनी, कोरियन व अरबीला २२००. हे आकडे इंग्रजी मातृभाषा असलेल्या प्रौढांचे आहेत. मराठी मुलाचे थोडे वेगळे येतील. तरी रोज एक तास धरला तर जर्मनला अडीच वर्षे आणि जपानीला सहा वर्षे, हा हिशेब फार चुकणार नाही. जो मुलगा बारावीनंतर दुकानावर बसणार हे घराने मनोमन ठरवले आहे, त्याच्यावर जपानीचे सहा वर्षांचे ओझे घालणे म्हणजे उधारीच्या वहीत आणखी एक खाते उघडणे.

फ्रेंचचे आकर्षण जुन्या प्रतिष्ठेवर टिकून आहे. हिऱ्यांच्या व्यापारासाठी बेल्जियमला जायचे म्हणून फ्रेंच शिकावी, असा सल्ला अजून दिला जातो. पालनपुरी जैन ज्या अँटवर्पमध्ये आहेत ते शहर डच बोलते. फ्रेंच त्या देशाच्या दक्षिणेची. स्पॅनिश शिकण्यास तुलनेने सोपी आणि वीस देशांत चालणारी, परंतु वऱ्हाडच्या व्यापाराचा तिकडे फारसा संबंध नाही. अरबी आखाताची खरी, पण दुबईच्या बाजारात वऱ्हाडी व्यापाऱ्याचे हिंदीवर उत्तम भागते.

चिनीचे तसे नाही. दिव्यांच्या माळा, खेळणी, केसांच्या पिना, छत्र्या यांनी जी दुकाने भरली आहेत त्यांचा उगम पुष्कळदा चेच्यांग प्रांतातील इवू या घाऊक बाजारपेठेत असतो. मुंबई-इंदूरचे व्यापारी तेथे जातात, दुभाषा भाड्याने घेतात आणि दुभाष्याचे कमिशन मालाच्या किमतीत मुरते. ज्या कुटुंबाचा धंदा खरोखर या मालाचा आहे आणि ज्याला मधली एक पायरी गाळायची आहे, त्याच्यासाठी चिनी ही शोभेची नव्हे, भांडवलाची भाषा आहे. वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात ती शिकवली जाते, म्हणजे विदर्भाबाहेर जाण्याचीही गरज नाही.

किराणा दुकानातील आणखी एका डब्याकडे पाहावे. चक्रीफूल, दालचिनी, काळी मिरी. मिरी निर्यात करण्यात व्हिएतनाम जगात पहिला आहे, आणि चक्रीफूल व जाड सालीची दालचिनीही तेथून मोठ्या प्रमाणात भारतात येते. व्हिएतनामी भाषा शिकण्याचा विचार धारणीत कोणाच्या मनात येणार नाही. मात्र ती भाषा ज्या ऑस्ट्रो-आशियाई कुळातील आहे त्याच कुळातील भाषा काउंटरच्या पलीकडचा माणूस बोलतो. कोरकू ही त्या कुळाची सर्वांत पश्चिमेकडची शाखा. कोरकूत तीनला ‘आफई’ म्हणतात, व्हिएतनामीत ‘बा’. कोरकूत चारला ‘उफून’, व्हिएतनामीत ‘बोन’. हजारो वर्षे आणि हजारो किलोमीटर लोटूनही अंकांचे नाते पुसलेले नाही. हिंदी-मराठीचे कोरकूशी असे काही नाते नाही. त्या अर्थाने धारणीच्या दुकानदाराला सर्वांत परकी भाषा समुद्रापार नाही, त्याच्या उंबऱ्यावर आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार कोरकू बोलणारे सुमारे सव्वासात लाख. तिचे पहिले व्याकरण जॉन ड्रेक यांनी १९०३ मध्ये कलकत्त्याहून प्रसिद्ध केले. अलीकडचे विस्तृत व्याकरण डेक्कन कॉलेजच्या के. एस. नागराज यांचे, आणि ते १९९९ मध्ये निघाले टोकियोहून. मिशनऱ्याने शिकली, टोकियोच्या विद्यापीठाने छापली, आणि पिढ्यान्‌पिढ्या मोहा, चारोळी, तूर, मका यांचा व्यवहार करणाऱ्या पेढ्यांत ती बहुतांशी अंक, वजन आणि भाव यांच्यापुढे गेली नाही. म्हातारी बाई दुकानात येऊन औषधी तेल मागते, तिला काय दुखते ते सांगता येत नाही, मग नातवाला दुभाष्या करावे लागते. पावतीवरचा आकडा तिला वाचून दाखवला जातो तो हिंदीत. यात कोणाची लबाडी असेलच असे नाही. पण मोजणाऱ्याला जी भाषा येते आणि ज्याचे मोजले जाते त्याला जी येते त्या दोन वेगळ्या असतील, तर विश्वासाचा सगळा भार एकाच बाजूला पडतो.

शाळेतही हेच चित्र उलटून दिसते. कोरकू मूल पहिलीत मराठीसमोर बसते तेव्हा ते परकीय भाषेच्या वर्गातच बसलेले असते, आणि तो वर्ग त्याने निवडलेला नसतो. व्यापाऱ्याच्या मुलीला जर्मनचा पहिला धडा वाचताना जी गोंधळलेली अवस्था येते, ती शेजारच्या बाकावरील मुलीने सहाव्या वर्षी भोगलेली असते. म्हणून ज्या मुलाचे आयुष्य धारणीतच, दुकानावरच जाणार आहे, त्याची पुढची भाषा कोरकू असावी. त्याला प्रमाणपत्र मिळणार नाही. शिक्षक मात्र रोज दुकानात येतील आणि शुल्क घेणार नाहीत.

ज्याला किंवा जिला बाहेर जायचे आहे त्यांच्यासाठी जर्मन प्रथम, धीर असेल तर जपानी, धंदा तसा असेल तर चिनी, असा क्रम लावता येतो. एकदा ठरल्यावर बदलू नये. युरोपीय भाषांच्या ए-१ ते सी-२ अशा सहा पायऱ्या आहेत आणि ए-१ वर तीन भाषा येण्यापेक्षा बी-१ पर्यंत एक येणे कितीतरी मोलाचे. पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूटमधील विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे, जपानीची परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये होते. शिकणे बहुधा मोबाइलवरच होईल. मेळघाटात पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क एकदमच रुसतात, तेव्हा अभ्यासाचे खरे महिने दिवाळीपासून होळीपर्यंतचे, आणि डिसेंबरची परीक्षा जुलैच्या परीक्षेपेक्षा धारणीला सोयीची नाही, उलट अवघड आहे. तिच्या तयारीचे महिने नेमके पावसाचे. मुलींच्या बाबतीत एक सूचना अनाठायी होणार नाही. लग्न ठरेपर्यंत वेळ जावा म्हणून लावलेला भाषेचा वर्ग लग्न ठरताच बंद पडतो, आणि भरलेले शुल्क व अर्धवट भाषा दोन्ही वाया जातात. बी-१ होईपर्यंत तो सुरू राहील, हे सासरच्या मंडळींशी बोलताना सांगून टाकण्यात संकोच नसावा.

भाषा कोणतीही ठरो, पहिल्या आठवड्यात ताटाचे शब्द शिकवून घ्यावेत, कारण परदेशी गेल्यावर पहिली परीक्षा तेथेच होते. जर्मनमध्ये अंडी म्हणजे ‘आयर’, डुकराची चरबी म्हणजे ‘श्माल्त्स’, आणि मिठाईच्या वेष्टनावर ‘गेलाटिने’ दिसले तर ती प्राण्यांच्या हाडा-कातड्यांची. जपानमध्ये भाज्यांच्या साध्या सारातही ‘दाशी’ असते आणि ती बहुधा ‘कात्सुओ’ नावाच्या सुक्या मासळीची. नुसते ‘मांस नको’ म्हणून भागत नाही, कारण विचारलेला माणूस मासळीला मांसात धरत नाही. लसूण जर्मनमध्ये ‘क्नोबलाउख’, फ्रेंचमध्ये ‘आय’, जपानीत ‘निन्निकु’. बटाटा जर्मनमध्ये ‘कार्टोफल’, जपानीत ‘जागाइमो’, आणि फ्रेंचमध्ये ‘पॉम द तेर’, म्हणजे जमिनीतले सफरचंद. तो कंदमुळात मोडतो हे फ्रेंचांनी नावातच सांगून ठेवले आहे.